आधी भरा, मग बोला!

गृहस्थाश्रमी माणसाचे चार पुरुषार्थ कोणते, असा प्रश्न आज डोंबिवलीत कुणी टाकला, तर उत्तर येईल : विजेचे बिल, गॅसचे बिल, टेलिफोनचे बिल आणि सोसायटीचे देणे! पहिली तीन चुकली तर घरात अंधार, चूल थंड आणि फोन मुका. चौथे चुकले तर वार्षिक सभेत भर मंडळीत नाव पुकारले जाते. मोक्षाचा विचार करायला इथे सवड आहे कुणाला?

बिले भरावी लागतात ही आमची तक्रार नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. ठाण्यापासून कल्याणपर्यंत राहणारा पगारदार माणूस देणे बुडवणाऱ्यांपैकी नव्हे. एक वेळ तो फराळात अनारशांना फाटा देईल, पोराचा सदरा गेल्या वर्षीचाच चालवील. पण बिलाची तारीख टळू देणार नाही. आमचे भांडण आहे ते चार शब्दांशी. खिडकीपलीकडून येणारे ते चार शब्द वाचकांनी शंभरदा ऐकले असतील : ‘आधी भरा, मग बोला!’

आमचाच अनुभव घ्या. एका पावसाळ्यात आमच्या टेलिफोनची तार तुटली. अठरा दिवस यंत्र भिंतीशी मुक्याने बसून होते. महिनाअखेर बिल मात्र पूर्ण महिन्याचे आले, आणि तेही अगदी वेळेवर. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण नाव बदलले तरी गोष्ट बदलत नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आम्ही कचेरी गाठली. खिडकीतल्या गृहस्थांनी आमचे सगळे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि तेच चार शब्द उच्चारले. आम्ही भरले. बोलायला पुन्हा गेलो, तेव्हा ते म्हणाले, ‘भरलंत ना? मग आता तक्रार कसली?’ पहा कशी गंमत आहे! भरण्यापूर्वी बोलायचा अधिकार नाही, आणि भरल्यानंतर बोलायचे कारण उरत नाही!

हा न्याय आहे की नुसती रीत आहे? आमचे म्हणणे असे, की ही नुसती रीत आहे. आणि विजेच्या बाबतीत तर ती कायद्याच्या साफ विरुद्ध आहे.

२०२० सालचा उन्हाळा आठवून पहा. मार्चअखेर टाळेबंदी लागली. मीटर वाचणारा माणूस येईनासा झाला. महावितरणने मधल्या महिन्यांची बिले सरासरीने आकारली, आणि ती सरासरी हिवाळ्यातली, म्हणजे पंखे बंद असतानाची. इकडे वैशाखवणव्यात अख्खे कुटुंब दोन खोल्यांत कोंडलेले, पंखा अष्टौप्रहर फिरतो आहे, बाप टेबलावर कचेरी थाटून बसला आहे आणि मुले पडद्यावर शाळा शिकताहेत. जूनमध्ये मीटर वाचले गेले आणि साऱ्या महिन्यांचा हिशेब एकदम अंगावर आला. ज्या घरांत पगार निम्मा झाला होता किंवा थांबलाच होता, त्याच घरांत आयुष्यातले सर्वांत मोठे वीजबिल येऊन पडले. महाराष्ट्रभर ओरड झाली. तेव्हा सवलत काय मिळाली? एकरकमी भरील त्याला २ टक्के सूट, आणि ज्याला जमणार नाही त्याला तीन हप्ते. पुढे सरकारी मदतीच्या गोष्टी निघाल्या, आशा लागली. पण नोव्हेंबरात दिवाळी सरताच तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी सांगून टाकले, की जेवढी वीज वापरली तेवढे पैसे भरावेच लागतील.

त्या बिलांची बेरीज चूक होती, असा आमचा आरोप नाही. वापराचे टप्पे महिन्यांवर वाटून दिले आहेत, असे कंपनी सांगत होती, आणि कित्येक बिले बरोबर असतीलही. पण ती बरोबर आहेत हे ग्राहकाने ओळखायचे कसे? स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि या सर्वांवर १६ टक्के वीज शुल्क! ही मालिका पाहिली की पदवीधर माणूससुद्धा खालचा एकच आकडा पाहतो आणि कागदाची घडी घालतो. आता हिशेब पहा. महिना ९० युनिट जाळणाऱ्या घराचे तीन महिन्यांचे २७० युनिट होतात. तीन महिन्यांवर वाटले, तर सगळे १०० युनिटांच्या स्वस्त टप्प्यात बसतात. तेच चुकून एका महिन्याच्या नावावर पडले, तर १७० युनिटांना वरच्या टप्प्याचा महाग दर लागतो. एवढ्या एका गोष्टीवर घरचा महिना उलटासुलटा होतो. आणि शंका घेऊन माणूस खिडकीशी गेला, की तेच चार शब्द!

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. विद्युत अधिनियम, २००३. कलम ५६. थकबाकीसाठी वीज तोडायची असेल, तर आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिली पाहिजे. इतके पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याच कलमाच्या परंतुकात आणखी एक गोष्ट लिहिलेली आहे, आणि ती फार थोड्यांच्या कानावर गेली आहे. बिलाबद्दल वाद असेल, तर ग्राहकाने आपली हरकत नोंदवून एक तर मागितलेली पूर्ण रक्कम भरावी, किंवा मागील सहा महिन्यांत भरलेल्या आकाराच्या सरासरीने होणारी रक्कम भरावी. या दोहोंपैकी जी कमी असेल तेवढी भरली, की वादाचा निकाल लागेपर्यंत त्याची वीज तोडता येत नाही.

वाचकहो, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. दरमहा बाराशे भरणाऱ्या घरावर नऊ हजारांचे बिल आले, तर त्या गृहिणीने नऊ हजारांसाठी पाटल्या गहाण टाकण्याचे कारण नाही. तिने हरकत लिहून द्यावी, बाराशे भरावेत आणि खुशाल दिवा लावावा. ही कुणाची मेहरबानी नव्हे. संसदेने केलेला हा कायदा आहे.

कुणी म्हणेल, अशाने जो तो वाद काढील आणि कंपनीचे दिवाळे वाजेल. तिलाही वीज विकतच घ्यावी लागते. भर पावसात खांबावर चढणाऱ्या माणसाला पगार द्यावा लागतो. कबूल! त्या खांबावरच्या माणसाला आमचा नमस्कार आहे. परंतु सहा महिन्यांची सरासरी कंपनीच्या हाती पडतेच ना? शिवाय तिच्या पेटीत आमची सुरक्षा ठेव आधीच जाऊन बसलेली आहे. २०२१ च्या विनियमांनी ती मासिक बिलाच्या ग्राहकासाठी सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी ठरवली. आमची तारीख टळली, की बिलावर सव्वा टक्का विलंब आकार चढतो. म्हणजे ठेव आमची, दंड आम्हांला, आणि बोलायची पाळीही शेवटी आमचीच! ज्याच्या हाती एवढे तारण आहे, त्याला आमच्या एका प्रश्नाचे भय वाटण्याचे कारण काय?

मग दोष सगळा कंपन्यांचाच का? नाही. निम्मा दोष आमच्या एका लाडक्या शब्दाचा आहे. तो शब्द म्हणजे ‘जाऊ द्या’! तीनशे रुपये जास्त लागले? जाऊ द्या. त्यासाठी रजा कोण टाकणार? लोकल कोण चुकवणार? भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारे आम्ही, छापील कागद पुढे आला की मान तुकवतो. भाजीवाली गरीब आहे आणि समोर बसली आहे म्हणून आमची वाचा फुटते. कंपनी मोठी आहे आणि दिसत नाही म्हणून आम्ही उदार होतो. ही उदारता नव्हे, हा भित्रेपणा आहे.

आमच्या आधीची पिढी अशी नव्हती. १९७२ साली महागाईविरुद्ध मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढारपणाखाली बायका हातांत लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. घरचा जमाखर्च हा चारचौघांत बोलण्याचा विषय आहे, हे त्या लाटण्याने सांगितले. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने शेजाऱ्यापाजाऱ्यांचे गट करून महिन्याचे वाणसामान एकत्र घेण्याची शिस्त लावली. ती माणसे ‘जाऊ द्या’ म्हणत बसली नाहीत. आणि आज तर दाद मागायला फार लांब जावे लागत नाही. विजेच्या तक्रारींसाठी कल्याणातच ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहेत. वकील लावण्याची गरज नाही. साध्या मराठीत लिहिलेला अर्ज पुरतो.

म्हणून आमच्या दोन मागण्या आहेत. पहिली कंपनीकडे. बिलावर भरण्याची तारीख जशी ठळक छापता, तशीच ग्राहकाची सहा महिन्यांची सरासरी छापा, आणि तिच्याखाली कलम ५६ मधली ही सोय सोप्या मराठीत छापा. नव्या मीटरांतून आकडे आपोआप तुमच्याकडे पोचू लागले आहेत. आता थोडे ज्ञान तुमच्याकडून आमच्याकडेही येऊ द्या.

दुसरी मागणी वाचकांकडे. लक्ष्मीपूजनाला व्यापारी आपली वही पूजेत मांडतो. तुम्ही या वर्षी पाटावर घरची बिलांची फाईल मांडा, आणि पाडव्याला सारे कुटुंब मिळून ती उघडा. गेल्या सहा बिलांची बेरीज करून तिला सहाने भागा. हे काम मुलांकडे द्या, त्यांची गणिताची उजळणी होईल. आलेला आकडा मीटरच्या पेटीवर चिकटवून ठेवा. पुढे कधी एखादे राक्षसी बिल आले, तर तो आकडा घेऊन खिडकीशी जा. पलीकडून ते चार शब्द येतील. तेव्हा आवाज न चढवता सांगा : ‘साहेब, आम्ही भरतोही आणि बोलतोही. अर्जावर पोच द्या.’