शिष्यवृत्ती खेळाला की मुलाला?

रग्बी हा परतूरच्या मातीतला खेळ नव्हे. येथील मुले कबड्डी, खो-खो आणि कुस्ती खेळत आली. लंबगोल चेंडू काखेत मारून धावणाऱ्या दांडग्या गड्यांचा हा खेळ त्यांच्यापैकी कोणी पाहिला असेल तर तो मोबाईलच्या पडद्यावरच. तरीही या खेळाने जगात इतरत्र उभा केलेला एक प्रश्न परतूर, मंठा, घनसावंगीच्या शाळांच्या दाराशी येऊन ठेपला आहे. साहेबाने मुंबईच्या जिमखान्यात रुजविलेला रग्बी २०१६ साली सात-सात खेळाडूंच्या रूपात ऑलिंपिकमध्ये परतला आणि आपल्याकडच्या शालेय स्पर्धांतही आला. या खेळाला लागणारा मुलगा, म्हणजे वेगाने पळणारा आणि पकडीतून निसटणारा, कबड्डीच्या मैदानावर जवळजवळ तयार मिळतो. असे मुलगे हेरून त्यांना शुल्कमाफी द्यायची आणि आपल्या संघात उभे करायचे, ही इंग्लंड व दक्षिण आफ्रिकेतील खासगी शाळांची जुनी रीत आहे. क्रिकेट-फुटबॉलच्या निमित्ताने ती आपल्या शहरांतील शाळांतही आली. रग्बी तिच्यातून सुटेल असे मानण्याचे कारण नाही.

अशी शिष्यवृत्ती ज्याच्या मुलाला देऊ केली जाते त्या बापाची स्थिती आधी समजून घेतली पाहिजे. कोरडवाहू रानात कापूस आणि सोयाबीन. पाऊस झाला तर पीक, आणि पीक आले तर भावाची चिंता. काही घरांत हंगामात ऊसतोडीला जाणे ठरलेलेच. अशा घरातील तेरा वर्षांच्या मुलाला कोणी इंग्रजी माध्यमाची शाळा, वसतिगृह, दोन वेळचे पोटभर जेवण आणि खेळाचे बूट फुकट देऊ म्हणाले, तर ‘अटी काय?’ असे विचारणेही बापाला कृतघ्नपणाचे वाटते. शाळेला नेमका हाच संकोच सोयीचा असतो. शब्द शिष्यवृत्तीचा असला तरी व्यवहार देवाणघेवाणीचा आहे: शाळा शुल्क सोडते आणि मुलगा आपले शरीर मैदानावर लावतो. देवाणघेवाण म्हणून तिला दोष देण्याचे कारण नाही. पण जिच्यात एक पक्ष तेरा वर्षांचा आहे आणि त्याच्या बाजूने कागद वाचणारा कोणी नाही, तिला सरळ व्यवहार म्हणणे कठीण आहे.

या रीतीने आयुष्ये घडली, हे नाकारण्यात अर्थ नाही. दक्षिण आफ्रिकेतील पोर्ट एलिझाबेथजवळच्या झ्वीडे या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत आजीच्या आश्रयाने वाढलेला सिया कोलिसी बाराव्या वर्षी अशाच शिष्यवृत्तीवर ग्रे या नामांकित शाळेत गेला. २०१८ साली तो आपल्या देशाच्या रग्बी कसोटी संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार झाला आणि २०१९ व २०२३ असे दोन विश्वचषक त्याच्या नेतृत्वाखाली जिंकले गेले. शिष्यवृत्तीचे समर्थक हे नाव सांगून थांबतात. मात्र २०१९ च्या अंतिम सामन्यात योकोहामा येथे इंग्लंडविरुद्ध दक्षिण आफ्रिकेचा पहिला ‘ट्राय’ नोंदविणारा माकाझोले मापिंपी हा खेडेगावातील साध्या शाळेतून आला होता. त्याच्या शाळेत कोणी हेरण्यास आले नाही आणि तो मोठ्या रग्बीत पोचला तो उशिराच. कोलिसीच्या वस्तीतील आणि मापिंपीच्या गावातील बाकी मुलांचे काय झाले, हे विश्वचषकाच्या इतिहासात लिहिलेले नसते.

खरी परीक्षा मुलगा जिंकतो तेव्हा होत नाही. तो पडतो तेव्हा होते. रग्बीत प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवून खाली पाडणे हा खेळाचा नियमच आहे. खांदा निखळणे, गळपट्टीचे हाड मोडणे, गुडघ्यातील अस्थिबंध तुटणे या तेथे नवलाच्या गोष्टी नाहीत. त्याहून गंभीर इजा मेंदूची. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातील स्टीव्ह थॉम्प्सन याने २०२० साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, आपल्याला स्मृतिभ्रंश जडल्याचे आणि तो विश्वविजयही आठवत नसल्याचे जाहीरपणे सांगितले. डोक्याला मार बसल्याचा संशय आला तरी खेळाडूला तात्काळ बाहेर काढावे, असा दंडक आता या खेळात आहे. पण ज्या मुलाचे जेवण, अंथरूण आणि शाळा त्याच्या खेळण्यावर अवलंबून आहे, तो ‘मला चक्कर येते’ असे पंचाला सांगेल काय? शुल्कमाफी खेळाशी बांधली की दुखणे लपविणे हे मुलाला शहाणपणाचे वाटू लागते. या व्यवस्थेचा सर्वात मोठा दोष हाच आहे, आणि शाळेचे चालक कितीही सज्जन असले तरी तो नाहीसा होत नाही.

याहून वेगळी वाट आपल्याच देशात आहे. भुवनेश्वरच्या कलिंग सामाजिक विज्ञान संस्थेच्या आदिवासी मुलांनी २००७ साली लंडन येथे चौदा वर्षांखालील शालेय रग्बीचा विश्वचषक जिंकला. त्या विजयाचे कौतुक पुष्कळ झाले. मात्र तेथील शिक्षण, निवास आणि भोजन खेळणाऱ्यांना आणि न खेळणाऱ्यांना सारखेच विनामूल्य आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. तेथे खेळ ही शाळेत राहण्याची अट नाही. ज्याचा पाय मोडेल तो मैदानाबाहेर बसेल, वर्गाबाहेर नाही.

महाराष्ट्राची परंपराही याच्याशी विसंगत नाही. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. त्यानंतर राज्याला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी बहात्तर वर्षे वाट पाहावी लागली. २०२४ साली पॅरिसमध्ये ते मिळविणारा राधानगरी तालुक्यातील स्वप्निल कुसाळे हा शिक्षकाचा मुलगा, आणि शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. एका प्राचार्याचे घर आणि एका सरकारी योजनेचे वसतिगृह, या दोहोंच्या मध्ये किती मुले गळाली असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. ‘खेलो इंडिया’तून निवडलेल्या खेळाडूला प्रशिक्षणाखेरीज महिना दहा हजार रुपये मिळतात, परंतु तेथेही कामगिरीचा आढावा घेऊन नावे वगळण्याची पद्धत आहे.

शिक्षणहक्काच्या कायद्याने खासगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखल्या, तथापि ते संरक्षण आठवीपर्यंतचे. खेळातील गुण डोळ्यांत भरतात ते बाराव्या ते चौदाव्या वर्षी. म्हणजे मुलगा हेरला जातो न जातो तोच कायद्याचे छत्र संपते आणि पुढची चार वर्षे तो सर्वस्वी शाळेच्या मर्जीवर राहतो. याच कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान हवे आणि सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरावर असेल तेथे शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक हवा, असेही म्हटले आहे. त्याची अंमलबजावणी कितपत झाली, हे जिल्हा परिषदेच्या शाळांतील गुरुजींना वेगळे सांगावयास नको. गावच्या शाळेत मैदान आणि शिकविणारा असता तर तेराव्या वर्षी घर सोडण्याचा प्रश्न पुष्कळांच्या बाबतीत उद्भवलाच नसता.

तोपर्यंत निदान कागद तरी नीट व्हावा. मुलाला शहरातील शाळा नेऊ पाहत असेल तर शाळा सोडल्याचा दाखला मागण्यास बाप गुरुजींकडेच येतो, आणि लेखी अटी वाचू शकणारा त्याच्या ओळखीचा तोच पहिला माणूस असतो. शुल्कमाफी बारावीपर्यंत आहे काय, दुखापत झाली किंवा संघातून नाव गेले तरी ती चालू राहील काय, औषधोपचाराचा व शस्त्रक्रियेचा खर्च कोणी करायचा, मराठी माध्यमातून गेलेल्या मुलाला इंग्रजीसाठी जादा शिकवणी मिळेल काय, एवढे तरी त्याने विचारावे आणि उत्तर मराठीत लिहून मागावे. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयाने अशा प्रत्येक शिष्यवृत्तीची प्रत नोंदवून घ्यावी आणि दर जूनमध्ये ती मुले अद्याप त्याच शाळेत शिकत आहेत किंवा नाहीत याची विचारपूस करावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. एक नोंदवही आणि वर्षाकाठी काही पत्रे पुरतील.