घरात दोन कुत्री, पातेले मात्र एकच

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक रिक्षातून दोन कुत्री घेऊन दवाखान्यात आले. एक सात वर्षांचा लॅब्राडोर, दुसरे साडेतीन महिन्यांचे अल्सेशियनचे पिल्लू. लॅब्राडोर दाराच्या दोन पायऱ्या चढतानाच धापा टाकू लागला. पिल्लाला तर उचलूनच आणावे लागले. "पुढचे पाय वाकडे पडताहेत, आणि दोन दिवस झाले उभेच राहत नाही. कुठे पडले असेल का हो डॉक्टर?" असे ते पुन्हा पुन्हा विचारीत होते. एक्स-रे काढला. हाडे जेमतेम दिसावीत इतकी फिकट आणि पातळ, त्यात मागच्या मांडीच्या हाडाला बारीक तडा. पिल्लू कुठेही पडलेले नव्हते.

"खायला काय देता?" मी विचारले.

"त्यात मी काही कमी केलेले नाही. रोज ताजे चिकन आणतो, भातात शिजवतो, पातेले दोघांच्या पुढे ठेवतो. दोघे एकत्र जेवतात ते बघताना दृष्ट लागेल असे वाटते."

शेजाऱ्यांच्या सल्ल्यावरून कॅल्शियमचे औषधही ते त्याच पातेल्यात ओतीत होते. ते कोणाच्या पोटात जात होते हे सांगायला 43 किलोचा लॅब्राडोर समोर बसलाच होता.

या गृहस्थांची माया खोटी नव्हती आणि खर्चालाही ते मागे हटले नव्हते. चूक होती ती एका पातेल्याची. सहा-सात महिन्यांच्या नातवाला आणि आजोबांना आपण एकच ताट वाढत नाही. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र 'दोघेही कुत्रीच ना' असे म्हणून मोकळे होतो. माझे मत स्पष्ट आहे : पिल्लाचे जेवण वेगळे शिजवण्याची वा आणण्याची तयारी नसेल, तर घरात मोठे कुत्रे असताना पिल्लू आणूच नये.

वाढत्या पिल्लाला दर किलो वजनामागे मोठ्या कुत्र्याच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते. पोट मात्र मुठीएवढे. म्हणून त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि त्यानंतर दोन वेळा द्यावे. मोठ्याला दोन वेळा पुरते.

आता चिकनभाताचे पाहू. मांसात फॉस्फरस भरपूर असतो, कॅल्शियम नावालाच. भातातही तीच रड. रक्तातले कॅल्शियम कमी पडू लागले की गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथींचा रस वाढतो आणि हाडांतले कॅल्शियम काढून रक्तात आणले जाते. पिल्लू वरून गुटगुटीत दिसते, आतून हाडे पोखरत जातात. मग एक दिवस नुसत्या उडीने हाड मोडते. 'कोवळ्या उन्हात बांधा, बरे होईल' असा सल्ला हमखास मिळतो. माणसाला तो लागू पडेल. कुत्र्याच्या कातडीत उन्हामुळे पुरेसे 'ड' जीवनसत्त्व तयार होत नाही, ते त्याला अन्नातूनच मिळावे लागते.

याची दुसरी बाजूही तितकीच वाईट आहे. काही लोक पिल्लांसाठीचे तयार खाद्य देतात आणि वर कॅल्शियमच्या बाटल्या पाजतात. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नाकारता येत नाही, दिले तेवढे बरेचसे शोषले जाते. ग्रेट डेन, अल्सेशियन, लॅब्राडोर अशा थोराड जातींत त्याने सांधे आणि हाडे बिघडतात. तयार खाद्य चांगले असेल तर वर काहीही देऊ नये. घरचे शिजवणार असाल तर कॅल्शियम हवेच, पण किती ते पिल्लाचे वजन करून डॉक्टरने सांगावे, शेजाऱ्याने नव्हे. पूर्वी मी तयार खाद्याला नाक मुरडीत असे. मोठ्या कुत्र्याला घरचे समतोल जेवण चालते असे मी आजही म्हणतो. थोराड जातीच्या पिल्लाच्या पहिल्या वर्षाबाबत मात्र मी मत बदलले आहे. घरच्या पातेल्यात हा हिशेब साधणारे मला फार थोडे भेटले.

शाकाहारी घरांतून नेहमी विचारणा होते. नुसत्या दूध-चपातीवर किंवा वरणभातावर पिल्लू वाढत नाही, जगते एवढेच. अंडे चालत असेल तर उकडून द्यावे. बिस्किटे हे जेवण नव्हे. कांदा-लसणाची फोडणी, मनुका, द्राक्षे आणि चॉकलेट यांपासून दोघांनाही दूर ठेवावे. शिजवलेली हाडेही नकोत.

मोठ्याचे काय? पिल्लाचे खाद्य अधिक कसदार, ते तो आवडीने फस्त करतो आणि फुगतो. अमेरिकेत 48 लॅब्राडोर कुत्र्यांच्या भावंडांच्या जोड्या करून आयुष्यभर अभ्यास झाला. जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न दिले. 2002 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यात कमी खाणाऱ्यांचे मध्यमान आयुष्य 13 वर्षे आणि दुसऱ्यांचे 11.2 वर्षे निघाले. सांधेदुखीही त्यांना उशिरा सुरू झाली. तेव्हा पिल्लाचे उरलेसुरले मोठ्याला घालणे हे लाड नव्हेत.

हे घरात जमवायचे कसे? दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून वाढावे. पंधरा-वीस मिनिटांनी भांडी उचलावीत, उरले तरी. पाणी मात्र दिवसभर हवे. पिल्लाच्या मधल्या वेळच्या जेवणाला मोठा दाराशी रडतो. त्याच्याच दिवसाच्या वाट्यातले मूठभर बाजूला काढून ठेवावे आणि तेव्हा द्यावे. वाटी ठरवून मोजावे, अंदाजाने नको. बरगड्यांवरून हात फिरवावा : हलक्या हाताला त्या लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर वाटी कमी करा. पिल्लाला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग आपले वजन वजा करा. आठवड्याला एकदा पुरे. लहान चणीचे पिल्लू साधारण वर्षाचे, थोराड जातीचे सव्वा ते दीड वर्षाचे झाले की आठवडाभरात हळूहळू मोठ्यांच्या खाद्यावर आणावे.

वेगळ्या खोलीचा आग्रह मी अनुभवाने धरतो. आमच्याच घरी जुनी कुत्री आणि नवे पिल्लू एका ताटात जेवत, मी कौतुकाने बघत असे. एके दिवशी पिल्लाने तिच्यापुढचा तुकडा ओढला आणि तिने त्याच्या डोळ्याखाली चावा घेतला. सहा टाके मीच घातले. त्यात कुत्रीचा दोष नव्हता.

शिक्षकांचे पिल्लू सहा आठवडे छोट्या जागेत बांधून ठेवले. खाद्य बदलले, कॅल्शियम मोजून दिले, भांडे वेगळे केले. आता ते चालते. मांडीचे हाड जुळले, पुढचा डावा पाय मात्र थोडा वाकडाच राहील. लॅब्राडोर परवा 41 किलोवर आला. अजून तो स्वयंपाकघराच्या बंद दाराशी नाक लावून बसतो असे गुरुजी सांगत होते, आणि दार उघडायचा मोह त्यांनाच अधिक होतो असेही.