संशयाचा फायदा कोणाला?

लांबून मारणे नीतीला धरून आहे का, हा वाद ड्रोनच्या कितीतरी आधीचा आहे. 1139 मध्ये रोमला भरलेल्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने ख्रिस्ती माणसावर क्रॉसबो आणि धनुष्य चालवायला बंदी घातली. बिगर-ख्रिस्ती शत्रूंबद्दल परिषद काही बोलली नाही, आणि युरोपातल्या राजांनी ती बंदी फारशी मनावर घेतली नाही. त्याहून जुना दाखला रामायणातला. झाडाआडून लागलेल्या बाणाने कोसळलेला वाली रामाला जाब विचारतो, आणि त्याला द्यायचे उत्तर टीकाकार शतकानुशतके शोधत राहिले आहेत. वालीची तक्रार बाण किती लांबून आला याची नव्हतीच. आपण दुसऱ्याशी झुंजत असताना न दिसणाऱ्याने मारले, त्याला स्वतःला काही धोका नव्हता, ही ती तक्रार होती.

विमानाने हा प्रश्न मोठा केला. 1 नोव्हेंबर 1911 रोजी इटलीच्या जूलिओ गावोत्ती या लेफ्टनंटने त्रिपोलीजवळच्या ऐन झारा इथे विमानातून हाताने छोटे बॉम्ब टाकले. युद्धात विमानातून झालेला हा पहिला बॉम्बहल्ला मानला जातो. चौतीस वर्षांनी, 9 आणि 10 मार्च 1945 च्या दरम्यानच्या एका रात्रीत टोकियोत सुमारे एक लाख माणसे जळून मेली. वरून बॉम्ब टाकणाऱ्यांना त्यांतला एकही चेहरा दिसला नव्हता. दिसत नाही म्हणून हात कचरत नाही, हे लांबून मारण्याविरुद्धचे नेहमीचे म्हणणे आहे, आणि तोवरच्या युद्धांना ते लागूही पडत होते.

1999 च्या कोसोवो युद्धात निराळीच अडचण पुढे आली. नाटोने 78 दिवस बॉम्बफेक केली आणि शत्रूच्या माऱ्यात आपला एकही सैनिक गमावला नाही. वैमानिक सुरक्षित राहावेत म्हणून विमाने बराच काळ पंधरा हजार फुटांच्या वर ठेवली होती. 14 एप्रिलला जाकोवाजवळ निर्वासितांचा तांडा लष्करी वाहने समजून मारला गेला. वैमानिकाच्या जिवाची जोखीम कमी झाली, पण ती नाहीशी झाली नाही. ती खालच्या माणसांच्या वाट्याला गेली.

लांब असणे म्हणजे न दिसणे, हे गणित ड्रोनने उलटवले. अमेरिकेचे बरेचसे ड्रोन नेव्हाडा राज्यातल्या क्रीच हवाई तळावरून उडवले जातात. उड्डाण आणि उतरणे युद्धभूमीजवळचे पथक सांभाळते, कारण उपग्रहामार्गे संदेश पोचायला लागणारा किंचित वेळही तेव्हा परवडत नाही. बाकीचे काम लास व्हेगासपासून तासाभराच्या आत असलेल्या खोलीत बसलेले वैमानिक आणि कॅमेरा सांभाळणारे सहकारी करतात. त्यांना खालची माणसे तासन्‌तास दिसतात: कोण गाडीतून उतरले, कोण नमाजाला वाकले, स्फोटानंतर कोण धावत आले. देह हजारो किलोमीटर दूर आणि नजर मात्र अगदी जवळ, अशी ही अवस्था आहे. त्यामुळे ‘दिसत नाही म्हणून मारता येते’ हा आक्षेप इथे टिकत नाही. ‘व्हिडिओ गेम’ हा शब्दही फार सैलपणे वापरला जातो. 2013 मध्ये अमेरिकी लष्करी आरोग्य संशोधकांना ड्रोनचालकांमधल्या मानसिक तक्रारींचे प्रमाण प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्यांइतकेच आढळले होते.

मग नीती बिघडते कुठे? 21 फेब्रुवारी 2010 रोजी अफगाणिस्तानातल्या उरुझगान प्रांतात जे घडले त्यातून याचे उत्तर मिळते. खोद गावाजवळ अमेरिकी विशेष दलाची एक तुकडी उतरली होती. पहाटे तीन गाड्यांचा काफिला दिसला आणि क्रीचहून चालवला जाणारा प्रीडेटर ड्रोन त्याच्या मागे लागला. पुढचे काही तास काय बोलले गेले याची नोंद नंतर उघड झाली, आणि ती वाचणे जड जाते. गाड्या थांबवून माणसांनी नमाज पढला. क्रीचच्या खोलीत हा नमाजच ती माणसे तालिबान असल्याचा पुरावा ठरला. फ्लोरिडात बसून तेच चित्र पाहणाऱ्या विश्लेषकांनी मुले असल्याचे कळवले. त्यावर वाद झाला, आणि मुलांची हळूहळू हातात बंदूक धरता येईल अशी पोरे झाली. काफिला पुढे तुकडीपासून दूर निघाला. तो वळसा घालून येत असावा, असे गृहीत धरले गेले. सकाळी हेलिकॉप्टरांनी हेलफायर क्षेपणास्त्रे सोडली. धूर विरल्यावर रंगीत कपड्यांतल्या बायका ओढणी हलवताना दिसल्या. अमेरिकेच्या हिशेबाने 15 किंवा 16 माणसे गेली, गावकऱ्यांच्या हिशेबाने 23, त्यांत दोन लहान मुले. लष्करी चौकशीत ड्रोनपथकाने दिलेली माहिती चुकीची असल्याचे ठरले.

त्या खोलीत डोळ्यांची कमतरता नव्हती, वेळेचीही नव्हती. कमतरता होती ती शंकेला किंमत देण्याची. समोरासमोर उभ्या असलेल्या शिपायाने घाईत गोळी झाडली तर त्याच्या बाजूने एक गोष्ट बोलता येते: क्षणभर थांबला असता तर कदाचित तोच मेला असता. नेव्हाडातल्या माणसाला हे कारण सांगता येत नाही. आपल्या सैनिकाचा जीव वाचवता येत असेल तर सरकारने तो वाचवलाच पाहिजे, हा ब्रॅडली स्ट्रॉसर या तत्त्वज्ञाने 2010 मध्ये मांडलेला मुद्दा खोडता येण्यासारखा नाही. पण जो सुरक्षित आहे त्यालाच थांबणे परवडते, हेही त्याच मुद्द्यातून निघते. सुरक्षितता वाढेल तसा संशयाचा फायदा खालच्या माणसाला अधिक मिळायला हवा. प्रत्यक्षात तो उलट दिशेने जातो. जमिनीवरच्या तुकडीची भीती खोलीत उसनी घेतली जाते, आणि हल्ला चुकला तर खोलीतल्या कोणाच्याही जिवावर बेतत नाही.

कायद्यात हे तत्त्व लिहिलेले आहे. जिनिव्हा करारांच्या 1977 च्या पहिल्या पूरक कराराचे कलम 50 सांगते की एखादी व्यक्ती नागरिक आहे की नाही याची शंका असेल तर तिला नागरिकच मानावे. अमेरिकेने हा पूरक करार स्वीकारलेला नाही, भारतानेही नाही. अमेरिकी संरक्षण खात्याच्या युद्धकायद्यावरील नियमपुस्तिकेत हे गृहीतक स्पष्टपणे आले ते जुलै 2023 मध्ये. तोवर काबूलही घडून गेले होते. 29 ऑगस्ट 2021 रोजी तिथे एका पांढऱ्या टोयोटा कोरोलावर दिवसभर पाळत ठेवून अमेरिकी ड्रोनमधून क्षेपणास्त्र सोडले गेले. तीनच दिवसांपूर्वी विमानतळावर 13 अमेरिकी सैनिक मारले गेले होते, त्यामुळे गाडीतले पाण्याचे कॅन स्फोटके वाटले. दहा जण गेले, त्यांत सात मुले. लष्करप्रमुखांच्या समितीच्या अध्यक्षांनी आधी हल्ल्याचे समर्थन केले, सतरा सप्टेंबरला पेंटॅगॉनने चूक कबूल केली आणि डिसेंबरमध्ये कोणावरही कारवाई होणार नसल्याचे जाहीर झाले. माहिती देणारा एक, अर्थ लावणारा दुसरा, हुकूम देणारा तिसरा, कळ दाबणारा चौथा. चौकशीत एकेकाचा वाटा इतका लहान निघतो की शिक्षेला कोणीच पात्र ठरत नाही.

युक्रेनमध्ये शंकेचा प्रश्नच उरला नाही. खेरसोनमध्ये काही किलोमीटरवरून उडवलेले स्वस्त, छोटे ड्रोन बसथांब्यावरच्या आणि सायकलवरच्या माणसांवर सोडले गेले. कॅमेऱ्यात नागरिक स्वच्छ दिसत होते. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने मे 2025 मध्ये रशियाच्या या हल्ल्यांना मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हटले.

आता लक्ष्य निवडण्याचे कामही यंत्राकडे जाऊ लागले आहे. माणसाला शंका येते आणि तो ती दाबतो. यंत्राला शंका म्हणजे एक आकडा, आणि तो किती झाला की मारायचे हे आधीच कोणीतरी ठरवून ठेवलेले असते. तो ठरवणारा हल्ल्याच्या वेळी खोलीतही नसतो. डिसेंबर 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अशा स्वयंचलित शस्त्रांबद्दलचा ठराव 152 मतांनी संमत झाला. विरोधात चार मते पडली: बेलारूस, माली, रशिया आणि भारत. या विषयाची चर्चा जिनिव्हातल्या पारंपरिक शस्त्रांसंबंधीच्या करारातच व्हावी, अशी भारताची भूमिका आहे. तिथले निर्णय सर्वसंमतीने होतात, म्हणजे एका देशाचा नकारही पुरतो.