फेटाळलेल्या दाव्यांच्या घरी जा

दावा अपात्र ठरला की माणूस गप होतो. जेवत नाही, रात्रभर अंगणात बसतो. लोक म्हणतात, बाहेरचं लागलं. भगताकडं न्या, आमची ना नाही. पण दवाखान्यातही न्या.

निरोप आला की आम्ही पाड्यावर जातो. आम्ही डॉक्टर नाही. जवळ बसतो, सरळ विचारतो, "जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतंय का?" विचारल्यानं ते मनात भरत नाही, उलट माणूस बोलता होतो. फवारणीचं औषध, दोर घरातून हलवतो. रात्री एकटं सोडत नाही. 14416 या सरकारी नंबरावर फुकट बोलता येतं. रेंज नसेल तर टेकडीपर्यंत सोबत जातो.

पोलिसांच्या भीतीनं लपवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 म्हणतं, जीव द्यायला गेलेला माणूस मोठ्या ताणाखाली होता असंच धरायचं. उलट सिद्ध झालं नाही तर खटला नाही, शिक्षा नाही.

उपविभागीय समितीनं फेटाळलं तर 60 दिवसांत जिल्हा समितीकडं अपील होतं, हेही त्याला सांगा. वाट दिसली की माणूस थांबतो.

संघटना मोर्चाला घरटी माणूस मागते. तशीच प्रत्येक वनहक्क समितीनं एक बाई, एक गडी या कामाला द्यावा. फेटाळलेल्या दाव्यांची यादी आपल्याकडं आहेच. त्यातल्या प्रत्येक घरी आठ दिवसांत कुणीतरी जाऊन बसलंच पाहिजे.