तिबेरियसचा दिनार आणि गोदाकाठ

बायबलमध्ये एक प्रसंग आहे. रोमन सम्राटाला कर द्यावा की देऊ नये, असा पेच येशूपुढे टाकला जातो. तो एक दिनार मागवून घेतो आणि त्यावरील मुद्रा व लेख कोणाचा, एवढेच विचारतो. नाणकशास्त्राचा पहिला धडा तोच आहे.

हे नाणे म्हणून संग्राहक सहसा तिबेरियसचा (इ.स. १४ ते ३७) चांदीचा दिनार दाखवतात. वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास. एका बाजूस पर्णमाला घातलेले सम्राटाचे मस्तक आणि तो दिव्य ऑगस्टसचा पुत्र असल्याचे सांगणारा लॅटिन लेख. दुसऱ्या बाजूस राजदंड व फांदी घेऊन बसलेली स्त्री, बहुधा राजमाता लिव्हिया. ही ओळख संभाव्य आहे, सिद्ध नव्हे. कथेत सम्राटाचे व्यक्तिनाम येत नाही आणि त्या काळच्या यहुदियात रोमन दिनार फार विरळ सापडतात. तेथे टायर नगरीच्या चांदीच्या नाण्यांना मान होता. यहूदाला मिळालेली तीस नाणीही बहुधा तीच, म्हणजे रोमन नव्हेतच.

मग तिबेरियसचे दिनार विपुल कोठे मिळतात? दख्खनमध्ये आणि दक्षिण भारतात. तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्यातल्या अक्कनपल्ली येथील निधीत ऑगस्टस व तिबेरियस यांचे दीड हजारांहून अधिक दिनार निघाले. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, अशी नोंद आहे. पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तगरहून सुती कापड भडोचला जाई, तर भडोच बंदरात उतरणारी रोमन नाणी स्थानिक चलनाशी बदलून नफा मिळे. पैठणखालची गोदावरी पुढे पाथरी, सोनपेठ, गंगाखेड या परभणीच्या तालुक्यांतून वाहते. या व्यापारी प्रदेशाच्या इतक्या निकट असूनही येथील तरुण इतिहासप्रेमी रोमन नाणे म्हटले की प्रथम जेरुसलेम आठवतो, हे विचित्रच.

त्यातून फसगतही होते. मस्तक आणि ग्रीक अक्षरे दिसली की नाणे रोमन ठरवले जाते. प्रत्यक्षात क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवरही मस्तक व ग्रीक अक्षरे आहेत. मात्र त्यांचे वजन दोन-अडीच ग्रॅमच भरते, आणि मागे बाण व वज्र यांच्यासह ब्राह्मी व खरोष्ठी लेख असतो. नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये अशी तेरा हजारांहून अधिक नाणी मिळाली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. मराठवाड्याच्या दृष्टीने हा पुनर्मुद्रणाचा ठसा बायबलच्या कोणत्याही नाण्याहून बोलका आहे. पराभूताचे नाणे न वितळवता त्यावरच विजय कोरण्याइतके राजकीय भान त्या शिक्क्यात आहे.

'बायबलमधले नाणे' या बिरुदाने बाजारात किंमत चढते आणि खोटी नाणीही त्याच बिरुदाखाली विकली जातात. ओतीव नाण्याच्या कडेला साच्याची शिवण दिसते, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे असतात; एवढे भिंगातूनही कळते. पण अस्सल नाण्याचे नुकसान याहून मोठे. नांगराला लागलेले नाणे शेतातून सराफाकडे गेले की त्याचे गाव, थर, सोबतची खापरे सारे पुसले जाते. उरते ते केवळ चांदीचे चकते आणि एक ऐकीव कथा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. ते टाळणारा केवळ कायदा मोडत नाही; आपल्याच गावाचा एकमेव साक्षीदार तो विकून टाकतो.

तेरच्या उत्खननात रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती मिळाल्या आहेत. अशा काही प्रतिकृतींना ओवण्यासाठी भोक असते. ज्या सम्राटाच्या मुद्रेवरून यहुदियात कराचा वाद पेटला, त्याच मुद्रेची नक्कल दख्खनमध्ये कोणीतरी हौसेने गळ्यात घालत होते. बाजारात तिला मोल नाही. कोठे सापडली हे नोंदले गेले, म्हणूनच ती आज काही सांगू शकते.