अंदाज, सरासरी आणि पेरणी

दरवर्षी एप्रिलच्या मध्यास भारतीय हवामानशास्त्र विभाग मोसमी पावसाचा पहिला अंदाज जाहीर करतो आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर 'यंदा पाऊस समाधानकारक' अशी ठळक ओळ झळकते. विज्ञानाची एवढी मोठी बातमी वर्षातून दुसरी क्वचितच येत असेल. शेअर बाजारापासून आडत्याच्या दुकानापर्यंत तिचे पडसाद उमटतात. मात्र मूळ निवेदनातले निम्मे बातमीत येत नाही, आणि जे गळते तेच नेमके विज्ञान असते.

निवेदन सांगते ते एवढेच की, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साऱ्या देशात मिळून दीर्घकालीन सरासरीच्या अमुक टक्के पाऊस पडेल; त्यात पाच टक्क्यांची चूक इकडे वा तिकडे संभवते. ही सरासरी १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची असून ती ८७ सेंटिमीटर आहे. ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला की तो 'सर्वसाधारण'. चेरापुंजी आणि जैसलमेर यांना एका हिशेबात धरून काढलेला हा आकडा माण तालुक्यातल्या शेतकऱ्याने आपल्या बांधाला लावायचा नसतो. बातमी त्याला तसे सांगत नाही.

२०२३ चे उदाहरण पुरेसे बोलके आहे. अंदाज ९६ टक्क्यांचा होता, पाऊस झाला ९४ टक्के. म्हणजे शास्त्राच्या हिशेबी अंदाज बरोबर आला. पण त्याच वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या महिन्यात सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस पडला. मराठवाड्यात सोयाबीन ऐन भरात असताना माना टाकू लागले. जुलै आणि सप्टेंबर या महिन्यांनी देशाची सरासरी सावरली खरी; वाळलेले पीक सरासरीने हिरवे होत नाही.

याउलट कधी अंदाजच सपशेल चुकतो. २००२ साली १०१ टक्के पावसाचे भाकीत होते आणि प्रत्यक्षात ८१ टक्क्यांवर भागवावे लागले. डॉ. वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेले सोळा घटकांचे प्रतिमान १९८८ पासून वापरात होते; त्याने बरीच वर्षे चांगली साथ दिली होती. तरीही या एका फटक्यानंतर ते बाजूस ठेवून २००३ मध्ये नवी प्रतिमाने स्वीकारण्यात आली. या घटनेचे महत्त्व आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही. हवामानखात्याने 'पाऊस नाही' म्हटले की छत्री घ्यावी, हा विनोद तेवढा टिकून राहिला. पंचांगात नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की गाढव, हे पाहून पावसाचा अदमास बांधणारे सुशिक्षितही काही कमी नाहीत. त्या वाहनांचा जमाखर्च ऑक्टोबरात मांडल्याचे कोणी ऐकले आहे काय? हवामान विभाग आपला हिशेब हंगाम संपताच स्वतः प्रसिद्ध करतो, आणि चूक कबूल करणाऱ्याचीच थट्टा होते.

थट्टेचे रूपांतर कधी संतापातही होते. २०१७ साली बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातील शेतकऱ्यांनी हवामान विभागाविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार दिली. अंदाजावर विसंबून पेरणी केली, पाऊस दडी मारून बसला आणि बियाणे मातीत गेले, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. अंदाजावर गुन्हा दाखल करणे हास्यास्पद वाटेल. पण दुबार पेरणीचे कर्ज ज्याच्या डोक्यावर चढते त्याला हसू येत नाही. त्याच्यापर्यंत देशाचा आकडा पोहोचला, त्यासोबतची मर्यादा पोहोचली नाही. याचा दोष विभागाच्या रुक्ष इंग्रजी निवेदनांकडे थोडा आणि वृत्तपत्रांकडे बराच जातो.

शाळेत टक्केवारी आणि सरासरी शिकवली जाते ती नफातोट्याच्या गणितांपुरती. आवारात एक साधा पर्जन्यमापक बसवून चार महिने रोजची नोंद फळ्यावर लिहिली, तर गावाचा पाऊस आणि देशाचा पाऊस यांतील अंतर सातवीच्या मुलालाही कळेल, आणि ते मूल घरी जाऊन बापाला सांगेल. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमिनीत पुरेशी ओल झाल्याखेरीज पेरणी करू नये, असे कृषितज्ज्ञ दर जूनमध्ये सांगत असतात. हा सल्ला वृत्तपत्रांत छापून येतो. आतल्या पानावर, बाजारभावांच्या खाली.