भिडेपोटी खाल्लेला मासा

परदेशी निघालेली मंडळी दवाखान्यात येतात ती बहुधा पाण्याची चौकशी करायला. पाणी बाटलीचेच प्यावे का, सरबतात बर्फ चालेल का, जुलाब लागले तर कोणती गोळी घ्यावी? ही उत्तरे मला आता पाठ झाली आहेत. पण दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता मॉरिशसला गेलो, तेव्हा पाण्याची सारी काळजी घेऊनही आमची एक संध्याकाळ बिघडली. दोष थोडा माशाचा होता आणि बराचसा माझा.

मॉरिशसमध्ये मराठी माणसे पुष्कळ आहेत. 1834 नंतर उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून जे भारतीय तेथे नेले गेले, त्यांत आपल्या कोकणपट्टीतलेही होते. आज गणेश चतुर्थीला तेथे सरकारी सुट्टी असते आणि शाळेत मराठी शिकता येते. समुद्राकाठच्या ज्या छोट्या हॉटेलात आम्ही जेवायला गेलो, त्याचे मालक याच मंडळींपैकी. आमचे आडनाव ऐकताच त्यांनी स्वतः खुर्च्या ओढून दिल्या. घरी क्रिओल बोलणारा हा गृहस्थ शाळेतले मराठी आठवून आठवून आमच्याशी बोलत होता. आम्ही दोघे विरघळलोच म्हणा ना!

दारातच एका परातीत माशांचे तुकडे मांडलेले होते. गिऱ्हाइकाने बोट दाखवावे आणि तो तुकडा निखाऱ्यावर भाजून मिळावा. उतरते ऊन परातीवर येत होते आणि खाली बर्फ नव्हता. ते मी पाहिले. गावात असतो तर कोळिणीला दोन प्रश्न विचारल्याशिवाय पुढे सरकलो नसतो. येथे इतक्या आपुलकीने वागणाऱ्या माणसाला ‘मासा कधीचा?’ असे कसे विचारायचे, म्हणून गप्प बसलो. पहिल्याच घासाला पत्नीच्या जिभेला मिरी चावल्यासारखे चुरचुरले. तीही भिडेपोटी बोलली नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नव्हे.

अर्ध्या तासात तिचे डोके ठणकू लागले, छातीत धडधड सुरू झाली, चेहरा व मान तापून लाल झाली. (सावळ्या वर्णावर ही लाली सहज दिसत नाही, पण हात लावला तर चेहरा गरम लागतो.) मग अंगावर गांधी उठल्या आणि पोटात मुरडा आला. कोणीही म्हणेल, ही माशाची अॅलर्जी. माझ्याही मनात प्रथम तेच आले. पण जन्मभर सुरमई-बांगडा खाल्लेली ही बाई! तेव्हा त्या जिभेच्या चुरचुरण्याचा उलगडा झाला.

कुपा म्हणजे ट्यूना, बांगडा, सुरमई, तारली अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य भरपूर असते. मासा पकडल्यावर थंड ठेवला नाही, तर त्यावरील जंतू या हिस्टिडीनचे हिस्टामिन बनवतात. अॅलर्जीत आपले शरीर जे द्रव्य सोडते तेच हे, म्हणून लक्षणे हुबेहूब तशीच. मासा पकडल्यापासून चुलीवर जाईपर्यंत चार अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून थंड राहिला, तर हे घडण्याची भीती फार कमी. एकदा हिस्टामिन तयार झाले, की ते भाजून, तळून किंवा पुन्हा गोठवूनही जात नाही. शिवाय असा मासा दिसायला आणि वासाला अगदी चांगला असू शकतो. त्यामुळे ‘गरम गरम खाल्ले की बाधत नाही’ हा आपला भरवसा येथे कामाचा नाही.

माझ्या पिशवीत सेट्रिझिन होते. ते दिले, पाणी पाजले, नाडी पाहत बसलो. रात्री दहापर्यंत तिला उतार पडला. बहुतेकांचा त्रास काही तासांत, फार तर एक दिवसात ओसरतो. मात्र श्वास लागणे, जीभ किंवा घसा सुजणे, चक्कर येऊन पडणे यांपैकी काहीही झाले, तर गोळीची वाट पाहू नये, तडक रुग्णालय गाठावे. खरी अॅलर्जी जीवघेणी ठरू शकते आणि दोन्हींतला फरक घरच्या घरी ठरवू नये. दमेकरी आणि हृदयविकाराच्या रुग्णांनी तर मुळीच नाही. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. क्षयावरील आयसोनियाझिड हे औषध शरीरातील हिस्टामिनचा निचरा मंदावते. ते चालू असलेल्यांना असा मासा अधिक बाधतो, मग तो मॉरिशसचा असो वा आपल्या आठवडी बाजारातला.

अशा एका प्रसंगानंतर मासे जन्माचे सोडून दिलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांनी डॉक्टरांकडून एकदा नीट निदान करून घ्यावे. काहींना मासा बाधलेला नसतो, उन्हात राहिलेला तो एक तुकडा बाधलेला असतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम त्याच हॉटेलात गेलो. जे पहिल्या दिवशी विचारायचे होते ते आता विचारले. मालकांना राग आला नाही, उलट फार वाईट वाटले. मला आत नेऊन त्यांनी बर्फाची पेटी दाखवली. मासा दुपारी येई तेव्हा पेटीतच जाई, पण गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून चार वाजताच परातीत मांडला जाई. होडीवर त्याचे काय होत असे, ते त्यांनाही ठाऊक नव्हते. आमच्यादेखत त्यांनी पोऱ्याला हाक मारून परात आत न्यायला लावली.

पत्नीने त्या दिवशी दालपुरी मागवली. आपल्या पुरणपोळीसारखीच असते, फक्त आतल्या डाळीत गूळ नसतो. तिने दोन खाल्ल्या. मी मासाच मागवला, पेटीतला.